किती घातले, किती निघाले

प्रिय मुली,

तुझी मेल काल रात्री तीनदा वाचली. टॉप क्वार्क, म्हणजे माहीत असलेला सगळ्यात जड मूलकण, इलेक्ट्रॉनच्या सुमारे ३ लाख ४० हजार पट जड का, याची सात मॉडेलं वाचलीस, सातही पटली आणि आता एकही खरं वाटत नाही, असं लिहिलं आहेस. हिग्ज क्षेत्रामुळे कणांना वस्तुमान येतं, पण कुणाला किती हे त्या त्या कणाच्या युकावा गुणांकावर, म्हणजे त्याचं हिग्जशी नातं किती घट्ट यावर. आणि तो गुणांक आपण प्रयोगातून उचलून समीकरणात हाताने भरतो. ही टोचणी तुला लागली याचा मला फार आनंद आहे. पण कुठलं मॉडेल जास्त सुंदर, हे विचारत बसू नकोस. आधी मोज: आकडे किती घातले, किती निघाले.

माझा प्रबंध फ्रॉगॅट आणि नील्सन यांच्या १९७९ च्या कल्पनेवर होता. एक नवी सममिती, प्रत्येक कणाला तिचा वेगळा भार. भार जितका जास्त तितक्या वेळा ०.२२ सारख्या लहान संख्येने गुणायचं. कल्पना मला आजही प्रिय आहे. पण बघ. ०.२२ चा आठवा घात येतो ०.०००००५५. इलेक्ट्रॉनचा युकावा गुणांक हवा ०.०००००२९. मग उरलेला फरक ‘एकच्या आसपास’च्या गुणांकात ढकलायचा. असा गुणांक जागोजागी मोकळा. मी सहा वर्षं ते गुणांक फिरवत होतो आणि सगळं जुळत होतं. इतके मोकळे आकडे हाताशी असल्यावर जुळणारच.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंधाचं शेवटचं कोरं पान उघडलं, पेन्सिलीने मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं ‘घातले’, उजवीकडे ‘निघाले’. म्हणाले, भर. डावा रकाना पानाच्या तळाला टेकला. उजवीकडे मला एक ओळ लिहिता आली नाही. पदवी मिळाली, पण ते पान अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

आता जपानी भौतिकशास्त्रज्ञ कोइदे यांचं सूत्र. मार्गदर्शक त्याला आकड्यांचा खेळ म्हणाले म्हणून तू ते वहीतून खोडलंस. का खोडलंस? इलेक्ट्रॉन आणि त्याचे दोन जड भाऊ, म्यूऑन आणि टाऊ, यांच्या वस्तुमानांची बेरीज, भागिले त्यांच्या वर्गमुळांच्या बेरजेचा वर्ग. उत्तर दोन तृतीयांश. पहिली दोन वस्तुमानं घाल, टाऊ निघतो १७७७ एमईव्ही (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक). सूत्र आलं तेव्हा प्रयोगाचा आकडा १७८४ होता. १९९२ मध्ये बीजिंगला नव्याने मोजलं, तर १७७७ च्या जवळ! दोन घातले, एक निघाला, आणि तो चुकू शकत होता. असं का, याचं सर्वमान्य उत्तर अजून नाही, म्हणून मी त्याला सिद्धांत म्हणणार नाही. पण हिशेब स्वच्छ आहे. माझ्या प्रबंधात कारण होतं, हिशेब नव्हता.

दोन्ही हवं असेल तर जॉर्जी आणि यार्ल्सकॉग यांचा १९७९ चाच पेपर काढ. क्वार्क आणि इलेक्ट्रॉनसारखे कण एकाच कुटुंबात बसवणाऱ्या साध्या एकीकरणात म्यूऑन भागिले इलेक्ट्रॉन आणि स्ट्रेंज क्वार्क भागिले डाउन क्वार्क ही वस्तुमानांची गुणोत्तरं सारखी यायला हवीत. पहिलं आहे २०७, दुसरं सुमारे २०. त्यांनी हिग्जचं एक वेगळं कुटुंब घेतलं. ते एकदा घेतलं की ३ हा आकडा आपोआप येतो, तो बदलता येत नाही. म्यूऑन स्ट्रेंजच्या तिप्पट, इलेक्ट्रॉन डाउनच्या एक तृतीयांश, म्हणून गुणोत्तरात तीनाचा वर्ग नऊ, नऊ गुणिले वीस १८०. तंतोतंत नाही, पण आडातलंच पोहऱ्यात आलंय. या पेपरवर आठवडाभर बस.

तू विचारशील, मग सर, तुम्ही अजून त्याच जुन्या मॉडेलवर का? कारण वस्तुमानं अशी घातांच्या पायऱ्यांनी का उतरतात, याचं त्याहून सरळ उत्तर मला कुठे मिळालं नाही. रोज सकाळी दोन तास मी त्यातला एखादा मोकळा गुणांक कसा कमी होईल ते बघतो. घरचे याला हट्ट म्हणतात. म्हणोत. मॉडेल निवडताना मी चुकलो नव्हतो, रकाने मांडायला उशीर केला, असं मी मानतो.

आणि ‘वर्षं वाया गेली तर?’ हे मला पुन्हा लिहू नकोस. सातही मॉडेलं काढ. प्रत्येकाला एक पान, मधोमध रेघ. गुणांक ‘एकच्या आसपास’ असला तरी डावीकडेच लिहायचा. ती पळवाट मी सहा वर्षं वापरली आहे, मला लगेच दिसेल. रविवारपर्यंत सात पानांचे फोटो पाठव.

तुझा,
सर