क्रौंचाची पिल्लं वाढवणारे लोक पांढरा झगा घालून का वावरतात?

अशा झगेवाल्यांचा व्हिडिओ पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसू आलं होतं. पायघोळ पांढरा झगा, झाकलेलं तोंड आणि एका हातात क्रौंचाचं खोटं डोकं. ती चोच पाण्यात बुडते, दाण्यांवर टोच मारते आणि पिल्लू तिचं बघून खायला-प्यायला शिकतं. झग्यातलं माणूस मात्र चकार शब्द काढत नाही.

कारण पिल्लू सुरुवातीला ज्याच्या मागे फिरतं, त्यालाच आपल्या जातीचं समजतं. उत्तर अमेरिकेतल्या हूपिंग क्रेन या क्रौंचाच्या बाबतीत हे फार महागात पडलं. १९४१ मध्ये हे पक्षी जेमतेम वीस-बावीस उरले होते. टेक्स नावाची मादी प्राणिसंग्रहालयात माणसांच्या हातावर वाढली. तिला जोडीदार म्हणून माणूसच हवा! शेवटी जॉर्ज आर्चिबाल्ड हे शास्त्रज्ञ विणीच्या हंगामात तिच्यासमोर हात पसरून, उड्या मारत नाचायचे, म्हणजे ती अंडं घालेल (बीज अर्थातच कृत्रिम रेतनाने). एवढा खटाटोप करून १९८२ मध्ये एक पिल्लू हाती लागलं.

१९७५ पासून अमेरिकेतल्या आयडाहोत हूपिंगची अंडी सँडहिल क्रेन या दुसऱ्या जातीच्या क्रौंचाच्या घरट्यांत ठेवून पाहिली. क्रौंच बहुधा दोन अंडी घालतो आणि पिल्लू एकच जगतं, म्हणून दुसरं उचललं तरी चालतं. पिल्लं वाढली, पालकांमागे स्थलांतरही शिकली. पण जोडी जमवायच्या वयात स्वजातीयांकडे ढुंकूनही बघेनात.

म्हणून हा झगा. २००१ पासून झगेवाले वैमानिक अगदी हलक्या विमानांतून पिल्लांना विस्कॉन्सिनहून दक्षिणेतल्या फ्लोरिडाची वाट दाखवू लागले. पिल्लं अंड्यात असतानाच त्यांना इंजिनाचा आवाज ऐकवत. वाट पाठ झाली, वसंतात पक्षी आपापले परतलेही. खरी मेख पुढे होती. मोठे झाल्यावर ते घरटी बांधत, अंडी घालत, पण पिल्लं तगवणं काही जमेना. चावऱ्या काळ्या माश्यांना कंटाळूनही बरीच घरटी सोडली गेली, तरी सगळं खापर माश्यांवर फोडणं मला पटत नाही. २०१६ मध्ये विमानं थांबली. आता बंदिस्त जोड्यांकडूनच पिल्लं वाढवून घेण्यावर भर आहे.

जात टिकवली ती मात्र कॅनडातल्या वुड बफेलोहून टेक्सासला येणाऱ्या रानटी थव्याने. १९४१ मध्ये त्यात पंधराएक पक्षी होते. त्यांच्यासाठी केलं ते मुख्यतः एवढं: शिकार बंद आणि टेक्सासमधली अरान्सासची पाणथळ जागा १९३७ पासून राखीव. वयात यायला तीन ते पाच वर्षं, वर्षाला फार तर एखादं पिल्लू; त्या हिशेबाने आज तो थवा पाचशेच्या वर गेलाय.