जहाज फुकट मिळतं, गोदी नाही

या महिन्याच्या टपालात जुन्या जहाजांविषयीची पत्रं बरीच आली. नोकरीत असताना मी जहाजांच्या बुडाची तपासणी करायचो. निवृत्तीनंतर एका जुन्या आगबोटीवर स्वयंसेवक म्हणून जातो. तेव्हा उत्तरं थोडी इंजिनरूममधल्या भाषेत आली तर सांभाळून घ्या.

प्रश्न : आमच्या हौशी मंडळाला एक जुनी आगबोट नाममात्र किमतीला देऊ केली आहे. लवकर न्या, नाहीतर भंगारात काढतो, असं मालक म्हणतो. सभासद हरखून गेलेत. मी खजिनदार, माझी झोप उडाली आहे. घ्यावी का? – एका मंडळाचे खजिनदार

उत्तर : तुमची झोप उडाली, हे मंडळाच्या दृष्टीने सुचिन्हच म्हणायचं. सभासदांना ‘वेव्हर्ली’ची गोष्ट सांगा. 1946 साली पाण्यात उतरलेली ही स्कॉटलंडची आगबोट, दोन बाजूंना चाकं असलेली. 1974 साली अशा चाकांच्या बोटी, म्हणजे पॅडल स्टीमर, वाचवणाऱ्या हौशी संस्थेला ती एका पौंडात मिळाली. या जातीची समुद्रात प्रवासी नेणारी ती जगातली शेवटचीच, आणि अजून चालते. पण 2019 साली तिचे बॉयलर थकले आणि अख्खा हंगाम बुडाला. नव्या बॉयलरसाठी 23 लाख पौंडांचं आवाहन करावं लागलं. लोकांनी हात दिला, स्कॉटलंडच्या सरकारने 10 लाख दिले, तेव्हा कुठे 2020च्या ऑगस्टमध्ये ती पुन्हा धावली. त्या एका पौंडापासून 23 लाखांपर्यंतच्या काळात दरवर्षी रंग, रिव्हेट (पत्रे जोडणारे खिळे), विमा, तेलाचे चढते भाव हे सगळं कोणी ना कोणी भरत होतंच.

मालकाला पहिला प्रश्न विचारा तो किमतीचा नको. बोट उभी कुठे राहणार, ते विचारा. धक्क्याचं भाडं किती, करार किती वर्षांचा, आणि तो लेखी आहे का? ‘युनायटेड स्टेट्स’ या अमेरिकी प्रवासी जहाजाने 1952 साली पहिल्याच फेरीत अटलांटिक ओलांडण्याचा वेगाचा विक्रम केला होता. 2011 साली एका धर्मादाय संस्थेने ते विकत घेतलं. जहाज भंगारवाल्याच्या तावडीतून सुटलं, पण फिलाडेल्फियाच्या धक्क्यावर अडकलं. भाड्याचं भांडण कोर्टात गेलं आणि 2024 साली जागा सोडण्याचा हुकूम झाला. एवढं अजस्र धूड दुसरीकडे न्यायचं तर धक्का मिळेना. शेवटी फ्लोरिडातल्या एका काउंटीने ते समुद्रात बुडवून माशांसाठी कृत्रिम खडक करायला घेतलं. प्रेम आणि प्रसिद्धी यांची कमतरता नव्हती. घोडं अडलं ते जागेपाशी.

दुसरी गोष्ट, बूड. मालक रंगवलेली वरची बाजू दाखवेल, तुम्ही आत उतरा. पाण्याच्या रेषेजवळ पत्रा आळीपाळीने भिजतो आणि वाळतो, तिथे तो सगळ्यात लवकर झिजतो. हातोडीने ठोका : धड पत्रा खणखणतो, खाल्लेला बद्द बोलतो. मग अल्ट्रासोनिक मापकाने जाडी मोजून घ्या, आणि मोजणाऱ्याची फी मंडळानेच द्या, मालकाला देऊ देऊ नका. तळाशी सिमेंट ओतलेलं दिसलं तर जास्तच सावध व्हा. गळती लपवायचा तो जुना उपाय आहे, त्याच्याखाली पत्रा उरलाय की नुसता गंजाचा थर, हे फोडल्याशिवाय कळत नाही. रिव्हेटची डोकी बोटाने चाचपा. झिजून सपाट झाली असतील तर तेवढा पट्टा बदलावा लागेल असं धरूनच हिशेब करा.

हे सगळं पाहून ‘नको’ म्हणावंसं वाटलं तर बिनदिक्कत म्हणा. फक्त बोट तोडण्याआधी तिची मापं, नकाशे, फोटो आणि तिच्यावर काम केलेल्यांच्या आठवणी नोंदवून ठेवायला मालकाकडून मुदत मागून घ्या. ब्रिटनमध्ये जुन्या जहाजांचं काम पाहणारी नॅशनल हिस्टॉरिक शिप्स ही संस्थाही, वाचवणं अशक्य असेल तेव्हा, नोंदी करून शिस्तीत तोडण्याचा मार्ग सांगते.

‘इम्प्लेकेबल’चं काय झालं तेही सांगतो. मूळची फ्रेंच युद्धनौका, ट्रफाल्गरच्या समुद्री लढाईत ब्रिटिशांविरुद्ध लढलेली, 1805 सालीच ब्रिटिशांच्या हाती लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर दुरुस्तीचा खर्च पेलणारा कोणी मिळेना. 2 डिसेंबर 1949 रोजी तिच्यावर ब्रिटनचा आणि फ्रान्सचा असे दोन्ही झेंडे चढवले आणि सुरुंग लावून ती बुडवली. मागचा नक्षीकामाचा भाग आणि नाळेवरची, म्हणजे पुढच्या टोकावरची, मूर्ती तेवढी उरली, ती ग्रिनिचच्या संग्रहालयात आहे. त्या हळहळीतूनच पुढे ब्रिटनमध्ये जहाजं वाचवण्याची चळवळ उभी राहिली. पण ती आधीच उभी असती तरी ‘इम्प्लेकेबल’ वाचली असती, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. लाकूड फारच गेलेलं होतं.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झाले. जहाज वाचवायला मदत करायची फार इच्छा आहे, पण हातोडी धरायला जमणार नाही. माझ्यासारखीचा काय उपयोग? – एक निवृत्त अधिकारी

उत्तर : बाई, तुम्ही आमच्याकडे असतात तर तुम्हाला हातोडी कोणी धरूच दिली नसती, थेट हजेरीपुस्तकाशी बसवलं असतं. थट्टा नाही. मोठी अनुदानं देणारे निधी, उदाहरणार्थ ब्रिटनचा लॉटरीच्या पैशातून चालणारा वारसा निधी, संस्थेने स्वतःचा वाटा किती घातला ते विचारतात. स्वयंसेवकांनी दिलेले तास ठरलेल्या दराने या वाट्यात धरता येतात. पण त्यासाठी कोण आलं, किती वाजता आलं, काय केलं, हे सहीनिशी लिहिलेलं लागतं. आमचे पट्टीचे फिटर सबंध दिवस पंपाशी झुंजतात आणि सही न करता घरी जातात. म्हणजे तेवढं काम झालं, पण कागदावर शून्य. एक चिकाटीची बाई रजिस्टर घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली की संस्थेचा वाटा आपोआप वाढतो.

शिवाय नोंदी. काढलेल्या प्रत्येक नटबोल्टला चिठ्ठी बांधायची, कुठून काढला ते लिहायचं, फोटो घ्यायचा. ‘मेरी रोझ’ ही 1545 साली बुडालेली युद्धनौका 1982 साली वर काढली. त्याआधी 500 हून जास्त स्वयंसेवक पाणबुड्यांनी तळाशी बुड्या मारल्या. वस्तू निघाल्या 19,000 हून अधिक. पाणबुड्यांचे फोटो छापून येतात, पण प्रत्येक वस्तू नौकेत नेमकी कुठे सापडली ते टिपून ठेवणारे नसते, तर त्या 19,000 वस्तूंचा नुसता ढीग झाला असता.

प्रश्न : काका, मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, वेल्डिंग येतं. जुन्या जहाजावर शनिवार-रविवार काम करायचं म्हटलं तर नक्की काय करावं लागतं? – एक विद्यार्थी

उत्तर : आधी एक वाईट बातमी. पहिल्या दिवशी तुझ्या हातात वेल्डिंगची मशाल कोणी देणार नाही. गंज खरवडायची हातोडी आणि तारेचा ब्रश मिळेल, आणि संध्याकाळी खांदा वर होणार नाही. कानाला बोळे आणि डोळ्यांना चष्मा लाव. जुन्या रंगात शिसं असतं, त्यामुळे थर कशाचा आहे ते तपासल्याशिवाय कोरडा घासायचा नाही. नळांवरच्या पांढऱ्या लेपाला तर बोटही लावू नकोस. जुन्या आगबोटींत तो ॲस्बेस्टॉसचा असण्याची शक्यता दाट, आणि ते काढणं परवानाधारक माणसांचं काम आहे. मुकादम ‘असू दे रे, एवढंसं तर आहे’ म्हणाला, तर त्या जहाजावर पुन्हा जाऊ नकोस.

लाकडी जहाज मिळालं तर फटी बुजवायला शीक. वेल्डिंग विसरशील. दोन फळ्यांमधल्या फटीत डांबरात भिजवलेल्या तागाची वळलेली दोरी बोथट छिन्नीने ठोकत न्यायची. हलकं ठोकलं तर ती बसत नाही, जास्त ठोकलं तर फळी ढकलली जाते. नीट बसत आली की ठोक्याचा आवाज चढत जातो. जुने लोक फटीकडे न बघता नुसत्या कानाने ओळखतात. मग वरून गरम डांबर ओतायचं आणि जास्तीचं खरवडायचं. दिवसभरात डेकचा तुझ्या उंचीएवढा पट्टा नीट झाला तरी शाबासकी मिळते. आणि ध्यानात ठेव : लाकडाला समुद्राच्या पाण्यापेक्षा पावसाचं पाणी जास्त कुजवतं. खाऱ्या पाण्यात कुजवणारी बुरशी तग धरत नाही. वरून झिरपलेलं गोडं पाणी मात्र कोपऱ्यात बसून वर्षानुवर्षं लाकूड खातं. म्हणून डेकची फट बुजवणं हे दिसायला किरकोळ आणि खरं तर सगळ्यात मोलाचं काम आहे.

वेल्डिंगची पाळी आलीच, तर शेजारी आगीवर नजर ठेवणारा माणूस हवा, आणि काम संपल्यावरही त्याने तिथेच थांबायला हवं. वेल्डिंग नसतानाही आग लागते. ‘कटी सार्क’ हे 1869 सालचं चहावाहू जहाज 21 मे 2007 रोजी दुरुस्ती चालू असतानाच पेटलं. कारण निघालं कचरा ओढणारं औद्योगिक यंत्र, सुट्टीच्या दिवसांत चालूच राहिलेलं. फळ्या, डोलकाठ्या असं बरंच काही आधीच उतरवून दुसरीकडे ठेवलेलं होतं, म्हणून निभावलं. लोकांसाठी ते पुन्हा उघडायला 2012 उजाडलं. शेवटी निघणाऱ्याने सगळे प्लग हाताने काढायचे, हा नियम कंटाळवाणा वाटला तरी पाळ.

प्रश्न : लाकूड बदलत बदलत जुनं जहाज नवंच होतं. मग वारसा कसला जपता? यापेक्षा हा पैसा शाळा-दवाखान्यांना दिला तर? – एक वाचक

उत्तर : पहिला मुद्दा रास्त आहे. ट्रफाल्गर जिंकणाऱ्या ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचं जहाज ‘व्हिक्टरी’, त्यात त्याच्या वेळचं लाकूड पाचव्या हिश्श्याच्या आसपासच उरलंय, अमेरिकेत बोस्टनला असलेल्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या जुन्या युद्धनौकेत त्याहून कमी. पण ही जहाजं चालू होती तेव्हाही त्यांचं लाकूड बदललं जातच होतं. लाकडी जहाज कधीच ‘पूर्ण झालं’ असं नसतं. याउलट ‘ट्रिंकोमली’ बघा. 1817 साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारच्या सागात बांधलेली ही फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका) इंग्लंडात हार्टलपूलला अजून पाण्यावर तरंगते, आणि तिच्यात मूळ लाकूड पुष्कळ आहे. ओकमधलं आम्ल लोखंडी खिळ्यांना खातं, सागाच्या तेलाने ते टिकतात. कोणत्या लाकडाने काय सोसलं हे पुस्तकात वाचून नाही कळत, तिथे हात लावून कळतं.

दुसऱ्या मुद्द्यावर वाद घालणार नाही. तुम्ही शाळेला द्या. मीही देतो.

प्रश्न : थोडी रक्कम देणगी द्यायची आहे. नाळेवरच्या मूर्तीसाठी द्यावी की शिडांसाठी? कुणाच्या तरी नावाची पाटी लागली तर बरं. – एक देणगीदार

उत्तर : पाटी पंपावर लावायला सांगा. मूर्तीला आणि शिडांना देणगीदार मिळतात, पंपाला मिळत नाहीत. ‘टेक्सस’ ही 1912 साली पाण्यात उतरलेली अमेरिकी युद्धनौका 1948 पासून संग्रहालय आहे. खाऱ्या पाण्यात दशकानुदशकं उभी राहिल्याने एका टप्प्यावर तिची गळती मिनिटाला 2,000 गॅलनपर्यंत गेली. पंप बंद पडते तर संग्रहालय तळाला गेलं असतं. 2022 साली ती गॅल्व्हस्टनच्या गोदीत नेली, तीही राज्याने साडेतीन कोटी डॉलर मंजूर केले म्हणून.

थोडी रक्कम म्हणून संकोचू नका. 1925 साली ‘कॉन्स्टिट्यूशन’साठी अमेरिकेतल्या शाळकरी मुलांनी पै-पैसा जमवून सुमारे दीड लाख डॉलर उभे केले होते. लागणारी रक्कम बरीच मोठी होती. मग तिच्यातून काढलेलं जुनं लाकूड आणि तांबं यांच्या आठवणवस्तू करून विकल्या, उरलेलं सरकारने घातलं. देताना पावतीवर ‘अमुक कामासाठी’ असं लिहू नका, ‘सर्वसाधारण निधीसाठी’ लिहा. अमुक कामासाठी दिलेले पैसे त्याच कामाला बांधलेले असतात. ते काम रखडलं की पैसे बँकेत पडून राहतात आणि विजेचं बिल थकतं. त्याआधी विश्वस्तांना एवढंच विचारा : पुढच्या वेळी बोट गोदीत घ्यायची आहे त्यासाठी दरवर्षी काही बाजूला ठेवता का, आणि आत्तापर्यंत किती ठेवलंय? हातात छापील ताळेबंद ठेवतील त्यांना चेक लिहून द्या. ‘वेळ येईल तेव्हा पाहू’ असं उत्तर आलं, तर चहा पिऊन निघा.