व्हायरसच्या आत असतं तरी काय? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: सर, बीएस्सीला आहे. क्लासमधे सांगितलं की प्लांट व्हायरसमधे आरएनए असतो, पण कापसाच्या लीफ कर्लमधे तर डीएनए आहे ना? मग पेपरमधे काय लिहू? (विद्यार्थिनी, नागपूर)

"बहुतेक" हा शब्द टाक, भागतं. बहुतेक प्लांट व्हायरसमधे एकेरी आरएनए असतो आणि तोही असा की पेशीत शिरला की रायबोसोम, म्हणजे पेशीतली प्रोटीन बनवणारी यंत्रं, त्याला थेट वाचायला लागतात. अपवाद म्हणजे जेमिनीव्हायरस, गोल एकेरी डीएनए, एक तुकडा साधारण 2,700 न्यूक्लिओटाइडचा (म्हणजे अक्षरांचा), आणि कवच दोन गोळे चिकटल्यासारखं जुळं. कापसाचा लीफ कर्ल, मिरचीचा चुरडा-मुरडा, सोयाबीनचा पिवळा मोझॅक, सगळे याच घरातले आणि सगळ्यांना पांढरी माशीच नेते. सोयाबीनवाल्याचा तर जीनोमच (सगळा डीएनए) दोन तुकड्यांत आहे, प्रत्येक तुकडा वेगळ्या कणात, रोग नीट लागायला दोन्ही एकाच झाडात पोचावे लागतात. मला विचाराल तर हे परीक्षेत का विचारत नाहीत तेच कळत नाही.

प्रश्न: गच्चीवर टोमॅटो लावलेत, पानांवर हिरवे-पिवळे चट्टे येऊन राहिले. घरचे खर्रा (तंबाखू-सुपारी) खातात आणि तेच हात झाडांना लावतात, त्याने होतं का? (मनीषनगर)

होऊ शकतं, पण सगळा दोष खर्र्यावर नका टाकू, टोमॅटोचा मोझॅक बियाण्यातूनही येतो. तंबाखूचा मोझॅक व्हायरस म्हणजे 300 नॅनोमीटर लांब, 18 जाड अशी सरळ कांडी. एकाच प्रोटीनच्या 2,130 प्रती जिन्यासारख्या गोल चढत जातात आणि आतल्या खाचेत सुमारे 6,400 अक्षरांचा आरएनए बसलेला. इतक्या कमी अक्षरांत हजारो वेगळी प्रोटीनं लिहिणार कुठे, म्हणून एकच पुन्हा पुन्हा वापरायचं! ही रचना इतकी पक्की की वाळवलेल्या तंबाखूतही तो टिकतो. हात साबणाने धुवा, ते झाड उपटून टाका.

प्रश्न: भाऊ, काटोलकडे संत्र्याची बाग आहे, झाडं वाळून राहिली. ट्रिस्टेझाचा एलायझा निगेटिव्ह आला तरी दुकानदार म्हणते व्हायरसच आहे, औषध मारा. काय करू?

आधी खिसा सांभाळा. झाडाच्या पेशीतला व्हायरस मारणारं औषध बाजारात नाही, फवारणीने फार तर ट्रिस्टेझा पसरवणारा मावा मरतो.

आता रिपोर्टचं. एलायझा ही लॅबमधली टेस्ट बघते ते व्हायरसचं कवच, आतला आरएनए नाही. ट्रिस्टेझा हा संत्रा-लिंबाच्या झाडांचा व्हायरस, 2,000 नॅनोमीटर लांब लवचिक धागा, त्याचं 95 टक्के अंग एका प्रोटीनने झाकलेलं, टोकाचा थोडा भाग दुसऱ्याने. आरएनए 19 हजार अक्षरांच्या वर, वनस्पतींच्या आरएनए व्हायरसमधे हा दांडगाच. झाडात तो सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, त्यामुळे चुकीच्या फांदीचं सँपल गेलं तर निगेटिव्ह येऊ शकतो. पण आपल्याकडचे जंबेरी आणि रंगपूर खुंट (ज्यावर कलम बांधतात ती झाडं) ट्रिस्टेझा बऱ्यापैकी सोसतात, झपाट्याने वाळणं हे मुख्यतः आंबट संत्र्याच्या खुंटावर होतं.

मग दुसरं काय? ग्रीनिंग नावाचा रोग असेल तर तो बॅक्टेरिया आहे, सिट्रस सिला नावाचा कीडा पसरवतो, या टेस्टमधे दिसणारच नाही. एक्झोकॉर्टिस असेल तर तो व्हायरॉइड, म्हणजे कवचच नाही, सुमारे 370 अक्षरांचा गोल उघडा आरएनए बस. जिथे कवच नाही तिथे एलायझा पकडणार काय, त्याला आरएनए शोधणारी आरटी-पीसीआरच लागते. तो कलमाच्या चाकूने एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, म्हणून चाकू ब्लीचच्या पाण्यात बुडवत चला. आणि खोडाला डिंक येतो का, मुळं सडली का ते आधी बघा बाप्पा, आपल्या काळ्या जमिनीत पाणी साचलं की डिंक्या होतो, ती फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या जिवाची करामत, व्हायरसचा संबंध नाही. पानं-मुळं-माती घेऊन अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत दाखवा, दुकानात नको.

प्रश्न: व्हायरस लागलेली मिरची खाल्ली तर माणसाला होतो का?

नाही. हे व्हायरस झाडाच्या पेशीत जखमेतून नाहीतर किड्याच्या तोंडातून शिरतात आणि पुढे पेशी-पेशीतल्या बारीक वाटांनी सरकतात, आपल्या पेशींत त्यांचं काही चालत नाही. मिरचीचाच एक मॉटल व्हायरस, वर सांगितलेल्या कांडीच्या कुळातला, धडधाकट माणसांच्या शौचात भरपूर सापडतो हे 2006 मधे छापून आलं, तो पोटातून जसाच्या तसा बाहेर पडतो. पाण्यात मैला मिसळलाय का हे तपासायला आता त्यालाच शोधतात.