निशिगंध लावायचा, पण कुठे?

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

पहिल्या पगारातून स्वतःसाठी सेंट घेतलास, तोही निशिगंधाचा, हे वाचून फार बरं वाटलं. 'जरा सौम्य घ्यायचा होतास' असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. हे फूलच दबून राहणारं नाही. सकाळी मंडईत गुलछडीची जुडी नाकाशी धरावी लागते. तीच घरी आणून ठेवली की दिवेलागणीनंतर घरभर दरवळते. रात्रीच्या पतंगांना बोलवायचं असतं ना तिला! १९४८ साली पॅरिसमध्ये जर्मेन सेलिए या बाईंनी रॉबेर पिगे या फॅशन डिझायनरसाठी 'फ्राका' नावाचं परफ्यूम तयार केलं, ते याच फुलाभोवती. ते आजही विकलं जातं.

तू विचारलंस, सोमवारी ऑफिसला लावू का? नको. प्रसंग पारखताना मी एकच बघते: समोरच्याला नकोसं झालं तर उठून दूर जाता येईल का?

हे मी चुकून शिकले. वर्षाच्या हिशेबाची मीटिंग होती. खिडक्या बंद, एसी चालू, टेबलाभोवती दहा जण. मी मोगऱ्याचं अत्तर दोन्ही मनगटांना आणि मानेला चोपडून गेले होते. शेजारच्या सहकारी बाईंना अर्धशिशीचा त्रास. अर्ध्या तासात त्या कपाळ दाबत बाहेर गेल्या. संध्याकाळी जिन्यात भेटल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "उद्यापण हेच लावणारेस का गं?" आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

मला तर तो वास येतही नव्हता. आपलं नाक थोड्याच वेळात सरावतं. वास उडाला असं वाटून आपण पुन्हा फवारतो आणि घोळ तिथेच होतो. बाटली घरीच ठेवत जा, पर्समध्ये नको.

मुलाखत, दवाखाना, भेटायला गेलेलं दुखवट्याचं घर, लांबचा बसप्रवास, इथे अजिबात नाही. जेवणाच्या पंगतीतही नको. मसालेभाताचा वास ज्याचा त्याला येऊ दे. लॉनवरचं लग्न असेल तर खुशाल लाव, पण साडी नेसायच्या आधी, अंगावर. रेशमावर डाग पडला तर निघत नाही. दोन फवारे पुरेत. उन्हाळ्यात एकच, तापलेल्या अंगावरून वास दुप्पट उसळतो.

कोजागरीला आमच्या गच्चीवर येणार आहेस ना? तेव्हा मात्र लावून ये. घरून निघायच्या तासभर आधी लाव, म्हणजे सुरुवातीचा स्पिरिटचा झोत ओसरून फूल वर आलेलं असेल. वारा टाकीच्या बाजूने येतो. तू तिकडे बस, मी दूध आटवत इकडे बसते.

तुझी,
मावशी