ध्यानात मन भरकटते, मग माइंडफुलनेस कसे जमेल?

डोळे मिटले की विचारांची गर्दी होते, म्हणजे आपल्याला ध्यान जमत नाही, अशी समजूत करून घेतलेली बरीच माणसे माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. बँकेत नोकरी करणाऱ्या एका बाईंची (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) अडचण त्याच्याही पुढची होती. इगतपुरीला विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर करून आल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसण्याचा नेम त्यांनी काही काळ पाळला. पुढे सासूबाईंचे आजारपण आले, नेम मोडला, आणि तो मोडल्याची रुखरुख मूळच्या चिडचिडीत भर घालू लागली. त्यातच डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर माइंडफुलनेस, म्हणजे सजगतेचा सराव, सुचवले. "सर, ध्यान सोडून आता हे नवीन धरायचं का?" असा त्यांचा प्रश्न होता.

ते तितकेसे नवीन नाही. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जुनाट वेदनांच्या रुग्णांसाठी ताणनिवारणाचा जो कार्यक्रम सुरू केला, त्यात बौद्ध ध्यानपरंपरेतील अभ्यासच धार्मिक चौकटीबाहेर आणलेला होता. सजगता म्हणजे या क्षणी जे घडते आहे त्याकडे, त्याला लगेच चांगले-वाईट न ठरवता, लक्ष देणे. ते भाजी चिरतानाही शक्य असते. ध्यान हा त्यासाठी राखून ठेवलेला सरावाचा वेळ असू शकतो. 'असू शकतो' असे म्हणण्याचे कारण, नामजप किंवा त्राटक (ज्योतीसारख्या एका बिंदूवर नजर स्थिर ठेवणे) यांत मुख्य भर मन एका आधारावर स्थिर करण्यावर असतो. विपश्यनेत मात्र दोन्ही आहे: सुरुवातीचे दिवस आनापानाचे, म्हणजे श्वासावर एकाग्र होण्याचे, आणि त्यानंतर शरीरातील संवेदना प्रतिक्रिया न देता पाहण्याचे.

ध्यानात मन भरकटल्याचे केव्हा कळते, असे मी विचारले. "बऱ्याच वेळानं एकदम लक्षात येतं की मी उद्याच्या ऑडिटचा विचार करतेय, आणि मग स्वतःचाच राग येतो." त्यांना ज्याचा राग येत होता, ते लक्षात येणे हाच सजगतेचा क्षण होता, हे त्यांना सहजासहजी पटले नाही. शेवटी सकाळी दहा मिनिटे बसायचे आणि दिवसातले एकच काम, सासूबाईंना औषध देणे, पूर्ण लक्ष देऊन करायचे, असे ठरले. गोळ्या अर्थातच चालू राहिल्या.

काही आठवड्यांनी, काउंटरवर ग्राहकाशी बोलताना जबडा आवळला गेल्याचे आवाज चढण्याआधी कळते, असे त्यांनी सांगितले. सकाळचे बसणे चुकले की हे कळणेही मंदावते, हे निरीक्षणही त्यांचेच, आणि मला ते अधिक मोलाचे वाटते.

नुकताच मोठा आघात झालेल्या किंवा तीव्र नैराश्य असलेल्या व्यक्तीला मात्र मी असे डोळे मिटून बसायला सांगत नाही, कारण काहींचा त्रास त्याने वाढतो. तिथे आधी मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घेतो. या बाईंच्या बाबतीत ती शंका नव्हती. तासाभराच्या नेमाकडे परत जायचे की नाही, हे त्यांनी अजून ठरवलेले नाही.