काट्याऐवजी टेप

प्रश्न : रोज सिद्धेश्वर तलावाभोवती चालते, जेवणही आटोक्यात आहे. घरी वजनकाटा नाही आणि घ्यायचाही नाही. फरक पडतोय हे कळणार कसं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : शिंप्याकडे असते ती टेप पुरे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, उघड्या पोटावर ती आडवी गुंडाळा. श्वास सहज सोडून झाला की आकडा वाचा. पोट आत ओढायचं नाही. सकाळी शौचानंतर, काही खाण्यापूर्वी, दोनदा मोजा. टेप पाठीमागे खाली घसरते आणि आकडा चुकतो, म्हणून आरशासमोर उभ्या राहा. जुनी कापडी टेप ताणलेली असते, ती स्टीलच्या पट्टीशी एकदा ताडून घ्या.

पंधरा दिवसांतून एकदाच मोजा. रोज मोजणं म्हणजे उगाच डोक्याला ताप. आदल्या रात्री शेंगाचटणी, पापड जास्त झाले की मिठामुळे अंगात पाणी धरतं. पाळीच्या आधीही पोट फुगतं. ते आकडे सोडून द्या. भारतीय स्त्रियांसाठी कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी, असा निकष आहे.

सोबत घट्ट बसणारा एखादा सुती ब्लाउज ठेवा. लेगिंग्ज ताणते, ती काही सांगत नाही.

खाणं-चालणं तेच असताना कपडे झपाट्याने सैल झाले, तर मात्र डॉक्टरांकडे जाऊन रक्तातली साखर तपासा.