बोर्डावर टेलर लिहू, शिंपी लिहू की काय?

प्रश्न: ताई, मी घरीच ब्लाउज-ड्रेस शिवते, शिवाय भरतकामाच्या आणि क्रोशाच्या ऑर्डरी पण घेते. बँकेत फॉर्म भरताना तिथल्या माणसाने न विचारताच व्यवसायात 'गृहिणी' टाकलं. आता दाराला बोर्ड लावायचाय, त्यावर स्वतःला काय म्हणू? सासूबाई म्हणतात नुसतं 'शिवून मिळेल' लिही. (एक वाचक, बार्शी)

उत्तर: सासूबाईंचा मान राखून सांगते, 'शिवून मिळेल' नको. त्यात काम आहे पण करणारी कुठेच नाही, आणि आपल्याकडे हे कायमचंच झालंय, पुरुष असला की तो टेलर, कटिंग मास्तर, रफूगर, जरदोसी कारागीर, आणि बाई तेच काम वर्षानुवर्षं करत असली तरी 'घरी थोडंफार शिवते'. मला हे मनापासून खटकतं. शिंपी म्हटलं की लोकांना आधी नामदेव महाराजांचा समाज आठवतो, कामासाठी कुणी तो शब्द आता फारसा वापरत नाही आणि शिंपीण म्हणजे तर शिंप्याची बायको. त्यामुळे सरळ मोठ्या अक्षरात लेडीज टेलर लिहा, गिऱ्हाईक शोधतं पण तेच.

क्रोशासाठी विणकर मात्र लिहू नका हं, विणकर म्हणजे मागावर बसणारा, येवल्याचा पैठणीवाला, लोक साड्या विचारत येतील. 'क्रोशाच्या ऑर्डर घेतो' एवढं बास.

भरतकामाचं जरा नीट लिहा कारण दर तिथेच ठरतो. साखळी टाका, गहू टाका, काश्मिरी टाका हे हातकाम वेगळं, आरी वेगळी (कापड अड्ड्यावर, म्हणजे लाकडी चौकटीवर, ताणायचं, दोरा खालच्या हाताने धरायचा आणि वरून आकड्याच्या सुईने ओढून घ्यायचा), मशीन एम्ब्रॉयडरी अजून वेगळी. कसुती, म्हणजे ते कर्नाटकी भरतकाम, येत असेल तर ती सगळ्यात वर लिहा, तुमच्या भागात इरकल नेसणाऱ्या बायकांना तिची किंमत कळते. कसुतीत गाठ मारायची नसते, तिच्या गवंती नावाच्या टाक्यात धावदोरा आधी पुढे जातो आणि त्याच रेषेवरून परत येताना सुटलेल्या जागा भरत येतो, म्हणून कापड उलटं केलं तरी नक्षी तशीच दिसते. एवढी नजर लागते तिला, आणि करणारीला म्हणायचं गृहिणी!

बँकेत परत जाऊन व्यवसाय बदलून घ्या, 'स्वयंरोजगार, टेलरिंग'. हे नुसतं मानापुरतं नाहीये. 2023 मध्ये कारागिरांसाठी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत, त्यात दर्जी म्हणजे टेलर आहे, पण भरतकाम किंवा विणकाम असं वेगळं नाव नाही. तुम्ही शिवणकाम करताच, तर अर्ज टेलर म्हणूनच करा. प्रशिक्षणात रोज 500 रुपये, साधनांसाठी 15000 पर्यंत, आणि पुढे 5 टक्के व्याजाने पहिलं कर्ज 1 लाखापर्यंत मिळू शकतं, फक्त एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो तेव्हा घरात आधी विचारून घ्या. जोडीला उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, करा, ती आधारवर ऑनलाइन फुकट होते, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.